छत्तीस फोटोंचा हिशेब

गोंदियाच्या बाजारपेठेत तांदळाचा व्यापार करणाऱ्या एका वयोवृद्ध श्रावकांचा छंद साऱ्या पेठेला ठाऊक आहे. गादीवर खातेवहीच्या शेजारी त्यांचा जुना, रोलचा कॅमेरा ठेवलेला असतो. नातवंडे एका सणाला मोबाइलवर पाचशे फोटो काढतात. दादाजींना छत्तीस फोटोंचा एक रोल तीन-तीन महिने पुरतो. प्रत्येक फोटोची नोंद छोट्या डायरीत होते. तारीख, उजेड, शटरचा वेग, सारे काही. रोल संपला की तो धुण्यासाठी बाहेरगावी जातो, आणि मग आठ-दहा दिवस वाट पाहणे. त्यांच्या मते छंदातला निम्मा आनंद या वाट पाहण्यातच आहे.

लहानपणी त्यांच्या हाती आला तो आग्फाचा क्लिक-थ्री. त्याच्या रोलवर बाराच फोटो निघत. रोल बहुधा उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा, ‘इंदू’ छापाचा. बारा म्हणजे बारा. तेरावा मागून मिळत नसे. तेव्हापासून बोट दाबण्याआधी क्षणभर थांबण्याची सवय लागली ती कायमची. आज साधा रंगीत रोलही हजाराच्या घरात गेला आहे, त्यामुळे त्या थांबण्याला व्यापारी कारणही मिळाले.

त्यांचा आवडता विषय सारस. महाराष्ट्रात सारस उरले आहेत ते मुख्यतः गोंदिया आणि लगतच्या भागात, तेही मोजकेच. पुरुषभर उंचीची ती जोडी पहाटेच्या धुक्यात धानाच्या बांधीत उभी राहिलेली पाहणे हे या जिल्ह्याचे भाग्यच. मात्र दादाजींच्या संग्रहात सारसाच्या घरट्याचा एकही फोटो नाही. घरटी होतात पावसाळ्यात, भरल्या बांधीत. आणि चातुर्मासात धुऱ्यावरचे ओले गवत, त्यातले असंख्य जीव तुडवीत जाणे त्यांना प्रशस्त वाटत नाही. चार महिने कॅमेरा कपाटात राहतो. घरट्याशी गर्दी करणाऱ्या हौशी मंडळींना हा नियम पाळायला लावता आला असता तर सारसांचे काही भले झाले असते, यात शंका नाही.

इतक्या संयमाने जोपासलेल्या छंदावर प्रश्न आला तो घरातूनच. गोंदियाच्या उन्हाळ्यात रोल खराब होऊ नयेत म्हणून ते फ्रिजमध्ये, दुधाच्या भांड्याशेजारी ठेवलेले असत. औषधनिर्माणशास्त्र शिकणारी नात सुट्टीत आली होती. तिने डबी हातात घेऊन विचारले, “दादाजी, कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे म्हणून आपण ती घेत नाही. मग हा रोल आपल्या फ्रिजमध्ये कसा?”

तिचे म्हणणे खरे होते. रोलची पट्टी प्लॅस्टिकची असली तरी प्रकाश टिपणारे चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण तिच्यावर धरून ठेवतो तो जिलेटिनचा थर. आणि जिलेटिन तयार होते जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून. पूर्वी असे नव्हते. तेव्हा कापसापासून केलेले कलोडियन काचेवर ओतून ओल्या काचेवरच फोटो घेत. त्यातल्या ईथरच्या वाफांचा त्रास होऊ लागल्याने रिचर्ड मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टराने १८७१ साली जिलेटिनचा प्रयोग प्रसिद्ध केला आणि पुढे साऱ्या जगाने तोच मार्ग धरला. १९२५ च्या सुमारास कोडॅकच्या प्रयोगशाळेत सॅम्युअल शेपर्ड यांनी आणखी एक उलगडा केला. काही जिलेटिन इतरांपेक्षा अधिक प्रकाशसंवेदी ठरत असे. त्याचे कारण त्यातला गंधकयुक्त अंश, आणि तो येत होता जनावरांनी खाल्लेल्या मोहरीवर्गीय वनस्पतींतून! पुढे कृत्रिम पर्यायांचे पुष्कळ प्रयत्न झाले. तरी बाजारात मिळणारा रोल, रंगीत असो वा कृष्णधवल, जिलेटिनवाचून बनत नाही.

मित्रांनी समजूत घातली. रोल काही पोटात जात नाही. थर केसापेक्षाही पातळ. आणि हाडे तर कत्तलीनंतर उरलेलीच असतात. शेवटचा युक्तिवाद मात्र व्यापाऱ्यापुढे टिकला नाही. धानाचा कोंडाही गिरणीत ‘उरलेला’च असतो, पण त्याची विक्री गिरणीच्या जमेला धरली जाते. ज्या वस्तूला भाव मिळतो ती मूळ धंद्याला हातभार लावतेच.

पाच कोरे रोल फ्रिजमधून निघाले ते दुकानातल्या पेटीत गेले. फेकवत नव्हते, वापरवत नव्हते, आणि दुसऱ्याला देणे म्हणजे आपल्याला नको तो दोष त्याच्या पदरी घालणे.

डिजिटल कॅमेऱ्याकडे वळण्याचा सल्ला सर्वांनीच दिला. गंमत अशी, की कोडॅकच्याच एका अभियंत्याने १९७५ साली डिजिटल कॅमेरा घडवला होता आणि त्याच लाटेत तीच कोडॅक २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीच्या अर्जासह न्यायालयात उभी राहिली. पेढी चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी ही घटना. दादाजींनी एक वापरलेला निकॉन डिजिटल कॅमेरा घेतला. निकॉनने १९५९ पासूनचे लेन्स बसवण्याचे माप दीर्घकाळ जपल्यामुळे त्यांची जुनी, हाताने फिरवायची लेन्स त्यावर बसली. मागच्या पडद्यावर त्यांनी पुठ्ठा चिकटवला. एका फेरीत फोटो छत्तीसच. डायरी चालूच. पडद्यावरचा पुठ्ठा पाहून नातवंडे हसतात, त्यांनी हसावे.

अडचण उरली ती छापण्याची. फोटो डिजिटल असला तरी लॅबमधून येणारा नेहमीचा चकचकीत फोटोपेपर चांदीच्या क्षारांचाच, म्हणजे जिलेटिनचाच. आपल्या समाजातील कितीतरी विवाहांचे अल्बम अशाच कागदावर छापलेले आहेत आणि त्याचा विचार क्वचितच कुणाच्या मनात येतो. दादाजींनी जॉन हर्शेल यांची १८४२ ची निळ्या छापाची रीत शोधून काढली. लोहाचे दोन क्षार पाण्यात कालवायचे, अंधाऱ्या खोलीत खळ काढलेल्या मांजरपाटावर कुंचल्याने पसरायचे, सुकल्यावर वर पारदर्शक प्लॅस्टिकवर काढलेली लेझर निगेटिव्ह व काच ठेवून उन्हात धरायचे, मग साध्या पाण्यात धुवायचे. गोंदियाच्या वैशाखात ऊन कमी पडण्याचा प्रश्नच नाही. गच्चीवर काही मिनिटांतच निळे सारस उमटतात. रंग खरा नाही, बारकावे बोथट होतात. रोलवरची ती मऊ छटा यात मिळत नाही, हे ते स्वतःच कबूल करतात.

गादीच्या वर त्यांच्या वडिलांची कृष्णधवल तसबीर आहे, चंदनाचा हार घातलेली. तीही जिलेटिनच्या कागदावरची. ती काढावी असे घरात कुणी सुचवलेले नाही, दादाजींनीही नाही. येत्या मार्गशीर्षात नातीचे लग्न ठरले आहे. अल्बम कोणत्या कागदावर छापणार, असे तिने फोटोग्राफरला विचारले आहे. असा प्रश्न त्याला पहिल्यांदाच ऐकायला मिळाला; चौकशी करून सांगतो, म्हणाला.