चंदीचं देणं

‘डॉक्टर, घोडं अंगच धरंना. एखादं टॉनिक लिहून द्या,’ असं म्हणत लोक येतात आणि मी आधी विचारतो, लीद कुठं पडलीय? नवखा मालक बिचकतो. शिकल्यासवरल्या माणसानं लीद चिवडत बसावं हे त्याला पटत नाही. मी उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो हे खरं, पण ही खोड तिथली नाही. ती चिंताकीची आहे. ज्या चाचांमुळं ती लागली, त्यांचं देणं माझ्याकडून फिटलेलं नाही.

चिंताकी बीदर जिल्ह्यातल्या औराद तालुक्यात. १९५६ साली हैदराबाद संस्थानचा मुलूख तीन राज्यांत वाटला गेला, त्यात आम्ही म्हैसूरकडे, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलो. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात उर्दू, असा आमचा कारभार. चाचा घोड्याशी दखनीत बोलत आणि आमच्याशी मराठीत. जन्मभर सईसकी केलेली. टांगे संपले तसे गावी परतले होते. आमचं त्यांच्याशी ना नातं, ना शेताला शेत.

वडिलांनी माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून एक घोडी आणली. मार्गशीर्षातल्या त्या यात्रेत घोड्या-गाढवांचा मोठा बाजार भरतो. वरातीला घोडी द्यायची, चार पैसे मिळवायचे, हा वडिलांचा बेत. घोडी स्वस्त पडली, कारण बरगड्या लांबून मोजता येत होत्या. ज्वारी घरचीच होती. पाटीभर पुढ्यात ठेवायची, लग्नसराईपर्यंत घोडी भरेल, असं सगळ्यांनीच धरलं होतं.

चाचा वाटेनं जाता जाता थांबले. घोडीकडे न बघता खाली बसले, लिदीचा एक गोळा उचलून दगडावर फोडला आणि बोटांनी पसरला. आत ज्वारी अख्खीच्या अख्खी. ‘बघ बेटा, तुझ्या बापाची ज्वारी. चिमण्या खातायत, घोडी नाही.’ मग त्यांनी घोडीची जीभ तोंडातून बाजूला काढून धरली आणि माझं बोट वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडेवर फिरवलं. कातडी कापेल अशी धार. गालाला आतून जखमा झालेल्या. गव्हाणीत कडब्याचे अर्धवट चावलेले बोळे पडलेले होते, ते आम्ही रोज झाडून टाकत होतो.

घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो, दाढा जन्मभर वर सरकत राहतात आणि झिजतात. त्यामुळं वरच्या दाढांना बाहेरून आणि खालच्यांना आतून धार येते, हे मी पुढं पुस्तकात वाचलं. चाचांनी लांब दांड्याची कानस आणून ती धार मोडली. आता हेच काम आम्ही गुंगीचं इंजेक्शन देऊन, जबडा उघडा ठेवणारं साधन बसवून करतो, आणि तसंच करावं. नंतर जंताचं औषध पाजलं. एवढं होईपर्यंत चाचांनी चंदीचं नाव काढू दिलं नाही.

वडील कुरकुरले. अशक्त जनावराला दाणा तोडायचा? पण चाचांचा हिशेब वेगळा होता. आधी पोटभर वैरण : कडब्याची बारीक कुट्टी पाणी शिंपडून, बांधावरची हरळी, मिळाला तर लसूणघास. बुरशीचा वास आलेली पेंढी ते बैलालाही घालू देत नसत. दाणा त्यानंतर, तोही भिजवलेल्या हरभऱ्याची भरड. पहिल्यांदा मूठभर, मग हळूहळू वाढवायची आणि दिवसातून तीन-चारदा वाटून द्यायची. आधी पाणी, मग तोबरा. गव्हाणीत मिठाचा खडा. कोंडा थोडा, फार घातला तर घोड्याची हाडं बिघडतात, असं ते म्हणत. कोंड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी, म्हणून शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शिकवलं होतं ते एवढंच, की अमक्याच्या घोड्याचं तोंड सुजलं आणि तो कोंड्यावर होता.

घोड्याचं जठर त्याच्या देहाच्या मानानं लहान, आठ ते पंधरा लिटरचं. पचनाचा मोठा कारखाना मागच्या आतड्यात, तिथं जिवाणू वैरणीचा तंतू आंबवून ताकद काढतात. दाणा एकदम फार गेला तर तो न पचता मागं जातो, आम्ल वाढतं, पोटशूळ उठतो, खुरांना सूज येते. घोड्याला ओकताही येत नाही. म्हणून वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडी वैरण रोज पोटात गेलीच पाहिजे. तीनशे किलोच्या घोडीला साडेचार ते सहा किलो. वर्गात हे ऐकताना मी वहीत फारसं लिहिलं नाही.

आता ताकदीची गोष्ट. गल्लीतले सल्लागार हुलगे घाला म्हणत होते, घोडं गरम होतं म्हणून. चाचा म्हणाले, ‘वरातीची घोडी गरम करून काय करणार? बँड वाजला की नवरदेव खाली.’ त्यांनी शिजवलेल्या जवसाची घट्ट पेज सुरू केली, भरडीवर चमचा-चमचा करत करडईचं तेल वाढवलं. मांस भरलं, कातडीवर तकाकी आली, पण मस्ती चढली नाही. तेलात तेवढ्याच वजनाच्या पिठूळ दाण्यापेक्षा दुपटीहून जास्त ऊर्जा असते, आणि तंतू व तेलावर पोसलेलं घोडं दाण्यावरच्या घोड्याइतकं उसळत नाही. आजही वरातवाल्यांना मी हेच सांगतो, निम्मे ऐकतात.

चाचा दर अमावास्येला घोडीच्या छातीभोवती सुतळी धरून गाठ मारत. गाठ पुढं सरकली की मला दाखवत. कॉलेजात त्याचंच सूत्र भेटलं : छातीचा घेर गुणिले घेर गुणिले लांबी, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले ११,८८०, की किलोत वजन. परीक्षेत हा आकडा मला आठवावा लागला नाही, एवढा मात्र सुतळीचा प्रताप.

उन्हाळ्यात ते आमच्या कडब्याच्या गंजीभोवती फेरी मारत आणि मृग निघेपर्यंत पुरेल का ते बोलून दाखवत. शिवाजी महाराजांनी १९ मे १६७३ ला चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र मी फार पुढं वाचलं. त्यातली काळजी हीच : दाणा-गवत आताच उधळलं तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. वाचताना कानात आवाज चाचांचा.

बीदर तर घोड्यांच्या व्यापाराचं जुनं ठिकाण. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी घोडा घेऊन आला, जुन्नरच्या खानानं तो काढून घेतला, मिनतवाऱ्यांनी परत मिळाला आणि शेवटी बीदरला विकला गेला. इकडं घोड्यांना हरभरा घालतात, साखर-तेल घालून खिचडी शिजवतात, असं तो लिहून गेला. बीदरहून बारा कोसांवरच्या जत्रेत वीस हजारांपर्यंत घोडे विकायला येतात, असंही त्यानं नोंदवलंय. अभ्यासक ती जत्रा कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंदची मानतात. सुट्टीत मी हे चाचांना सांगितलं. आळंदचं ऐकून मान डोलावली, खिचडीचं ऐकून खळखळून हसले. ‘बेटा, त्यातली निम्मी सईसानं खाल्ली असंल.’

घोडीनं आमच्या घरचे बरेच खर्च ओढले. माझी उदगीरची खोली-खानावळ त्यातलीच. चाचांनी पैसा घेतला नाही. आई ज्वारीचं पोतं पाठवी, तर तिकडून ईदेला शीरखुर्मा येई, म्हणजे पारडं पुन्हा आमच्याच बाजूला कलतं. पहिल्या पगारात मी त्यांच्यासाठी नवी कानस घेऊन गेलो. त्यांनी ती अंगठ्याच्या नखावर घासून पाहिली. ‘दात फार तिखट आहेत हिचे, घोडीच्या गालाला लागंल. घरी ने, विळ्याला कामाला येईल.’ वडिलांनी खुरपी-विळ्यांना तीच वापरली, आणि चाचांची जुनी कानस त्यांनी मला दिली, ती माझ्या पेटीत आहे. म्हणजे तिथंही देणं वाढलंच.