तांब्याची इस्त्री

“बाई, आमच्या शेजारचे आजोबा बुटांना पॉलिश करून भाजी आणायला जातात! या वयात कशाला हो एवढं नटायचं?”

चौथीतल्या एका मुलाने विचारलं आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मी रागावले नाही. लहानपणी मीही अशीच हसले होते ना!

मुलांनो, चीनमधल्या शांघाय शहरात अशा ऐटदार आजोबांना खास नाव आहे, ‘लाओ-ख-ल’. ‘लाओ’ म्हणजे जुना, वयस्क. पुढचा शब्द इंग्रजीतून आला असं मानतात. कोणी म्हणतं ‘कलर’वरून, कोणी ‘क्लास’वरून, तर कोणी चक्क ‘क्लार्क’वरून!

१९३० च्या सुमारास तिथल्या परदेशी कंपन्यांत काम करणारे तरुण सूट घालत, कॉफी पीत, जॅझच्या तालावर नाचत. नदीकाठी एक मोठं हॉटेल होतं. ते १९२९ साली बांधलं व्हिक्टर ससून यांनी. पुण्याच्या ससून रुग्णालयाला देणगी देणाऱ्या डेव्हिड ससून यांचे हे पणतू!

पुढे दिवस पालटले. १९६६ साली सांस्कृतिक क्रांती सुरू झाली. रस्त्यात अडवून लोकांच्या तंग विजारी कापल्या गेल्या, टोकदार बूट कापले गेले. नीटनेटकं राहणं हाच जणू गुन्हा! तरी काहींनी आपली आवड मनात जपून ठेवली. १९८० साली त्याच हॉटेलात म्हाताऱ्या वादकांनी पुन्हा जॅझ वाजवायला सुरुवात केली. ऐट पैशात नसते, ती जपण्यात असते.

माझ्या आजोबांकडे दोनच सदरे होते. पोस्टात जायचं असलं, की ते पितळी तांब्यात निखारे भरून सदऱ्याला इस्त्री करत. एकदा मैत्रिणींसमोर मी म्हटलं, “आजोबा, तुम्हाला कोण बघणारे?” आम्ही खूप हसलो. आजोबा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते चुरगळलेल्या सदऱ्यानेच पोस्टात गेले. त्यानंतर तांब्यात निखारे पडलेले मी कधी पाहिले नाहीत.

म्हणून त्या मुलाला मी एवढंच सांगितलं, “उद्या ते आजोबा दिसले, की म्हण, ‘आजोबा, बूट काय झकास चमकतायत!’”

मला ते म्हणायचं राहूनच गेलं.