फडताळामागची खोली

नाशकात भद्रकालीपासून सराफ बाजारापर्यंतच्या बोळांत जे थोडे वाडे अजून तग धरून आहेत, त्यांतल्या एखाद्यात शिरलं की कोरीव खांबांकडे नजर जाण्याआधी माझा हात भिंतीवर जातो. दोन-दोन हात जाडीच्या त्या भिंती बाहेरून नुसत्या माती-विटांच्या दिसतात, पण घराचं निम्मं आयुष्य त्यांच्या पोटात चालायचं. कोनाडे, देवळ्या, फडताळं, धान्याची बळदं. आणि कुठे कुठे तर भिंतीच्या जाडीतूनच चढत जाणारा, एका वेळी एकच माणूस मावेल असा काळोखा जिना. त्याच्या माथ्यावरची झडप आतून लावून घेतली की वरचा मजला खालच्यांपुरता नाहीसा होई. लुटालुटीच्या दिवसांत माणसांनी घरं बांधली ती अशी, भय पोटात घेऊन.

माझ्या आजोळी माजघरात सागवानी फडताळ होतं. त्याच्या खालच्या कप्प्यातली मागची फळी डावीकडे दाबून सरकवली की आत वीतभर पोकळी लागे. आम्हा मुलांची खात्री होती की आजीचं सोनं तिथेच आहे. ती गेल्यावर मामानं फळी सरकवली तेव्हा आत निघाली तिच्या भावाची चार पत्रं, अत्तराची रिकामी कुपी आणि मुळाक्षरं गिरवलेली एक पाटी. ती लिहायला शिकत होती हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. माणसांनी गजबजलेल्या त्या वाड्यात दार लावून बसावं अशी खोली बायकांच्या वाट्याला नव्हतीच. एकांत म्हणून होती ती एवढी वीतभर जागा, तीही कुणा अनाम सुतारानं फळीमागे राखून ठेवलेली.

त्या सुताराचा विचार मनात पुष्कळदा येतो. चांदवडला होळकरांच्या रंगमहालात गेलं की लाकडावर किती जीव ओतला आहे ते उघड दिसतं, खांबांपाशी पावलं आपोआप थांबतात. पण चोरकप्पा करणाऱ्यानं कसब पणाला लावायचं ते कुणाची नजर तिथे थांबू नये म्हणून. आणि अशा पोकळीला काय सांभाळावं लागेल, हे करणाऱ्याला कुठे माहीत असतं? १९०९ साली लंडनहून सावरकरांनी पाठवलेली वीस ब्राउनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या दुहेरी तळात दडून मुंबईला उतरली, आणि त्यांतल्याच एका पिस्तुलानं २१ डिसेंबरच्या रात्री, इथे नाशकात, विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. नुसती एक फळी. एका घरात तिच्याआड पाटी असते, दुसरीकडे इतिहास बदलणारं पोलाद.

आता आमच्या घराच्या भिंती जेमतेम सहा इंची. त्यांच्या पोटात काहीच मावत नाही, म्हणून पोट लाकडाचं करावं लागतं. बैठकीच्या एका भिंतीभर पुस्तकांचं कपाट, आणि त्यातला एक खण हेच मागच्या छोट्या खोलीचं दार, असं आम्ही ठरवलं आणि सिन्नरकडच्या एका वयस्कर मिस्त्रींबरोबर कागद पसरून बसलो. फूटभर खोलीचं कपाट फिरवायचं तर त्याचा आतला कोपरा शेजारच्या खणावर आदळतो. म्हणून ती कड तिरकी तासावी लागते. मीटरभर फळीवर पुस्तकं लावली की वीस-पंचवीस किलो सहज होतात आणि अशा सहा फळ्या. बाजूच्या बिजागऱ्या एवढ्या भाराखाली हळूहळू ओणवतात. तेव्हा भार खाली जमिनीवर घ्यायचा, वर-खाली एकेक खुंटी आणि त्यांवर सगळं दार फिरतं ठेवायचं. चाक लावलं तर फरशीवर कमानीसारखा ओरखडा उमटतो, आणि तो पाहुण्याला सगळं सांगून टाकतो.

मला सर्वांत आवडली ती फटीची गोष्ट. दार म्हटलं की भोवती दोन-तीन मिलिमीटरची फट आलीच, ती बुजवता येत नाही. मिस्त्री म्हणाले, बुजवायची कशाला, तशीच फट प्रत्येक दोन खणांमध्ये ठेवू. एक लपवण्यासाठी पाच उघड्यावर मांडायच्या! खालची पट्टीही त्याच रेषांवर कापायची, म्हणजे डोळा कुठेच अडखळत नाही.

आणि मग नाशिकचा पाऊस. पेठ-सुरगाण्याच्या जंगलांतला असो की पाडलेल्या वाड्याची जुनी तुळई चिरून काढलेला असो, साग पावसाळ्यात दमट हवा पितोच. लांबीत तो जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र फुगतो. इतर लाकडांहून कमी, पण वैशाखात बोटानं ढकललं जाणारं दार श्रावणात रुसायला तेवढंही पुरतं. म्हणून सांगाडा प्लायचा आणि दर्शनी पट्ट्या तेवढ्या सागाच्या, असं ठरलं. मागच्या बाजूला हवा खेळती राहावी म्हणून वर जाळीही ठेवायची आहे, नाहीतर पुस्तकांना पहिल्याच पावसात बुरशी धरेल.

हे सगळं कशासाठी, असं मुलानं विचारलं. चोरांचं भय नाही, आणि घरात माणसं इतकी थोडी की एकांत मागावा लागत नाही. मला नीट उत्तर देता आलं नाही. आजीला जी जागा वीतभर मिळाली, ती कुणालातरी पाय पसरून बसता येईल एवढी मिळावी, असं काहीसं मनात असावं. तिथे एक खुर्ची असेल, एक खिडकी, आणि नातीला हवं ते.

मी मिस्त्रींना एवढंच निक्षून सांगितलं, की बाहेरची कळ कितीही दडवा, आतून मात्र अंधारातही हाताला लागेल अशी भरदार मूठ हवी. त्यांनी पेन्सिल कानावरून काढली आणि विचारलं, “घरात सगळ्यांत लहान कोण आहे, ताई? तिला एकदा भिंतीपाशी उभी करा. मूठ तिच्या खांद्याच्या उंचीवर बसवू.”