टम्म फुगलेली बॅटरी

लॅपटॉप दोन बाजूंनी तापतो: आतून प्रोसेसरमुळे, बाहेरून हवेमुळे आणि उन्हामुळे. पंखा घरघरू लागला की लोक घाबरतात ते प्रोसेसरसाठी, पण तो स्वतःला सांभाळून असतो. साधारण 100 अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की तो वेग उतरवतो; तेवढ्याने भागले नाही तर यंत्रच बंद होते. खरी झीज होते ती बॅटरीची, आणि तीही मुकाट्याने. लॅपटॉप बंद असला तरी ती थांबत नाही.

बहुतेक कंपन्या 35 अंशांपर्यंतच्या हवेत लॅपटॉप वापरावा असे सांगतात. विदर्भात मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, आणि हवामान खात्याचा हा आकडा सावलीतला असतो. काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा 20 अंशांनी तरी चढते.

प्रस्तुत लेखकाला हा हिशेब उशिरा समजला. चंद्रपुरात एका लग्नाला जाताना त्याने गाडी कडुनिंबाखाली लावली आणि लॅपटॉप काळ्या बॅगेत मागच्या सीटवर ठेवला. पंगत उठेपर्यंत सावली सरकून गेली होती. बॅगेच्या चेनची कडी बोटाला चटका देत होती. एक फाईल तातडीने पाठवायची होती म्हणून लॅपटॉप तसाच, तापलेला, चार्जिंगला लावला गेला. त्या उन्हाळ्यात असे आणखी चार-पाच वेळा घडले.

परिणाम दिसला जुलैत. लॅपटॉप टेबलावर डुगडुगू लागला आणि टचपॅडची क्लिक बसेना. दोष पावसाळी दमट हवेला दिला गेला. दुरुस्तीवाल्याने शेवटचा स्क्रू सोडवताच खालचे कव्हर आपसूक वर उचलले गेले. आतल्या चपट्या काळ्या पाकिटांपैकी दोन टम्म फुगली होती. ‘‘भाकरी झालीय हिची. आता चार्जरला हात लावू नका,’’ तो म्हणाला.

लिथियम-आयन बॅटरीतला द्रव उष्णतेने विघटित होतो, त्यातून वायू निघतो आणि बंद पाकिटात साठत जातो. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ही क्रिया आणखी वेगाने होते. तापलेल्या बॅटरीला चार्ज करणे हेही घातकच. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, घरच्या कचऱ्यात तर मुळीच टाकू नये, कारण ती पेट घेऊ शकते. ती ई-कचरा केंद्रातच द्यावी.

म्हणून लॅपटॉप गाडीत ठेवूच नये. डिकीत थेट ऊन लागत नाही इतकेच. ताप तिथेही असतो. तापलेला लॅपटॉप बॅगेतून काढून सावलीत, पंख्याखाली निवू द्यावा आणि मगच सुरू करावा. फ्रिजमध्ये ठेवण्याचा शहाणपणा करू नये: बाहेर काढल्यावर थंड भागांवर दव धरते. विदर्भातल्या घरांत कूलरचा मोह होतो, पण त्याच्या झोतात ओलावा असतो, कधी तुषारही येतात. लॅपटॉप झोताच्या बाजूला ठेवावा. गादीवर ठेवला तर खालच्या जाळ्या बुजतात. धूळही हेच करते, म्हणून वर्षातून एकदा पंखा साफ करून घ्यावा.

उन्हाचा आणखी एक छुपा खर्च असतो. खिडकीशी बसले की स्क्रीन दिसत नाही, माणूस ब्राइटनेस पूर्ण वाढवतो आणि बॅटरी जास्त राबते. एलसीडी स्क्रीन फारच तापली तर तिच्यावर काळे डाग उमटतात; ते सहसा निवल्यावर जातात.

लेखकाच्या लॅपटॉपमध्ये आता नवी बॅटरी आहे आणि चार्जिंगची मर्यादा 80 टक्क्यांवर बांधलेली आहे. मे महिन्यात तो सकाळी आठच्या आत चार्ज होतो. सुट्टीत घर बंद राहणार असेल तर निम्मा चार्ज करून, तळमजल्यावरच्या खोलीत, कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात ठेवला जातो.