चहाच्या दुकानाची कादंबरी

सुरतेस एका वसईकर विधवा भगिनीच्या घरी प्रेमकथेचे पुस्तक दिसले. संसार मोडलेली नायिका चहाचे दुकान थाटते आणि गिऱ्हाइकांतच तिला जोडीदार लाभतो! “असले काय वाचता, बाई?” मी बोलून गेलो. त्यांनी निमूटपणे मसाल्याचा चहा पुढे ठेवला.

१६८९ साली प्रवासास निघून याच शहरी आलेले इंग्रज धर्मगुरू ओव्हिंग्टन यांनी मसाला घालून उकळलेला चहा येथे डोकेदुखीवर घेतात, असे लिहून ठेवले. १६९९ साली चहावर निबंधही छापला. धर्मगुरूस चहा वर्ज्य नाही, मग चहाची कथा का असावी?

“फादर, स्टेशनाजवळ एक गाळा पाहिला आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “अनामत कमी पडते.”

मी ओशाळलो. पुस्तक मागून आणले, रात्रीत संपवले. त्यात अनामतीचा उल्लेख कोठेच नाही.