चिकमगळूरची कॉफी आपल्या घरी

कर्नाटकातील चिकमगळूरला गेलात तर बाबा बुडनगिरीच्या उतारांवरील कॉफीचे मळे अवश्य पाहा. बाबा बुडन यांनी येमेनहून सात बिया आणून येथे रुजविल्या, अशी आख्यायिका आहे. तेथील हिरवट, कच्च्या बिया घरी आणून भाजण्याचा मोह होतो. पण प्रथम खिडकी उघडावी. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड, म्हणून तो जमिनीलगत साचतो. आधी काडी ओढावी, मगच शेगडीची कळ फिरवावी. गॅसचा वास आला तर काडी ओढू नये, दिव्याचे बटणही दाबू नये. सिलिंडर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात. बिया मंद आचेवर सतत हलवाव्यात. सुटणारी कोरडी साले पेट घेऊ शकतात, म्हणून कढईपासून दूर जाऊ नये. सुमारे २०० अंश सेल्सिअसला बिया तडतडू लागतात आणि त्या डोंगरांचा सुगंध घरभर दरवळतो. मात्र तो अनुभवावा सावध राहूनच!