आखणी

आमच्या पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणाऱ्याचा मान मोठा. माती कोणीही मळील, अंगाला रंगही चारजण देतील. पण मूर्तीला नजर द्यायची ती एकानेच. अण्णांनी चाळीस वर्षे ते काम केले. म्हणून दसऱ्याआधी त्यांचा मोतीबिंदू काढला, तेव्हा सारे घर धास्तावले होते.

दिवाळीला मी रोह्याहून गाडीने निघालो. वाटेत नागोठणे लागते. तिथे वायूपासून प्लास्टिकचे दाणे बनतात. प्लास्टिक म्हणजे बादल्या नि पिशव्या, एवढीच माझी समजूत!

घरी अण्णा ओटीवर बसले होते. डोळ्यांना भाच्याने मुंबईहून आणलेला झोकदार काळा चष्मा. नातीचा फोटो दाखवावा म्हणून मी फोन आडवा करून पुढे धरला.

“काय दाखवतोस? काळी पाटी आहे नुसती.”

मला तर फोटो स्वच्छ दिसत होता. अण्णा पुढे बोलले नाहीत. उजव्या हाताची बोटे तेवढी धोतराला पुसत राहिले. माझ्या पोटात गोळा आला. गडबडीत फोन हातात उभा फिरला, आणि अण्णा ओरडले, “अरे, हसतेय की पोर!”

मास्तरकीची खोड, रात्री मी पुस्तके धुंडाळली. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल नावाच्या प्लास्टिकची पातळ फिल्म आयोडिनने रंगवून एका दिशेने ताणतात. तिचे लांबलचक रेणू विंचरलेल्या केसांसारखे ओळीने बसतात. त्या ओळीच्या दिशेने थरथरणारा प्रकाश ते गिळतात, काटकोनातला तेवढा सोडतात. एडविन लँड ह्या अमेरिकन संशोधकाने १९३८ साली ही युक्ती काढली. फोनच्या पडद्यावर अशी फिल्म, अण्णांच्या चष्म्यातही तशीच! दोघींच्या ओळी काटकोनात आल्या की अंधार. आता काही पडद्यांवर आणखी एक फिल्म बसवतात. ती कोणत्या दिशेने नि किती ताणायची हे असे बेतलेले असते, की काळ्या चष्म्यातून फोन कसाही धरा, चित्र दिसते.

सकाळी हे सारे अण्णांना सांगितले. ते फोन आडवा-उभा करून लहान मुलासारखे बघत होते. “म्हणजे तिथेही रेघ कुठे ओढायची ह्यावरच सगळं आहे तर!”

मग त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला.

“तो बारीक ब्रश आण बघू. माघी गणपतीचं काम पडलंय.”